प्रयोगशाळेतील अपघात आणि त्याची नोंद

मी कलाशाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्याचे कारण घरचे आहे. माझे वडील वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतात. ते ठेकेदाराकडचे कामगार आहेत आणि त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतच झाले.

मी अकरावीत असताना एका संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा त्यांचे मनगट पांढरे पडले होते. बाटली धुताना तळाशी राहिलेले काहीतरी हातावर उडाले होते. "फिनेलवानी वास होता. आग बी झाली नाही. त्याचं काय सांगायचं साहेबाला?" असे ते म्हणाले. आईने हळद लावली.

ते फिनेल नव्हते, फिनॉल होते. पुढे एका सहकाऱ्याने बाटलीवरचे नाव वाचून सांगितले तेव्हा हे कळले. फिनॉल कातडी बधिर करते. त्यामुळे भाजूनही दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस बोलत नाही. शिवाय ते कातडीतून रक्तात उतरते. अशा वेळी कपडे उतरवून, भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच दवाखाना गाठायचा असतो. आम्ही गेलो तिसऱ्या दिवशी, कातडी काळी पडल्यावर. पदार्थ कोणता, उडाला किती वाजता, किती वेळ धुतले, असे डॉक्टरांनी विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. वहीत नोंद नव्हती, तेव्हा कारखान्याच्या लेखी अपघात झालाच नव्हता.

या संदर्भात कैगाचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. कारवार तालुक्यातील या अणुवीज केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळले गेले. पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेले. त्या पाण्याला वेगळा रंग नाही, चव नाही. कोणालाच काही कळले नाही. तरी ते उघडकीस आले, कारण तेथे कामगारांच्या लघवीची नियमित तपासणी होते आणि तिचे आकडे लिहून ठेवले जातात. ट्रिशियम लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून भरपूर पाणी पाजणे हाच त्यावरचा मुख्य उपचार. तो वेळेवर करता आला.

वाळूजच्या त्या प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्याची अशी तपासणी कोणी करीत नाही. तेथे माणसाच्या तोंडाशिवाय दुसरे यंत्र नाही, आणि ते तोंड भीतीने बंद असते. सांगितले तर 'हलगर्जी केलीस' असे ऐकावे लागेल, उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही ती भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. (आपल्याकडे विज्ञानशाखेचे मित्रदेखील हातावर आम्ल उडाले की सरांपासून हात लपवतात, हे मी पाहिले आहे. त्यांची तर नोकरीही जायची नसते.)

कायदा मात्र कामगाराच्या बाजूने बोलतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत धोक्याची परिस्थिती मालकाला कळवणे हे कामगाराचे कर्तव्य आहे आणि सुरक्षेची माहिती मागणे हा त्याचा हक्क. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या नियमांत तर अपघातवहीची तरतूद जुनीच आहे. त्या वहीत जखमी कामगाराने स्वतः लिहावे किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने लिहावे, दोन्ही चालते. चौथी शिकलेल्या माणसासाठी याहून सोयीचे काय असणार? पण ही वही कुठे ठेवली आहे, हे वडिलांना आठ वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितले नव्हते. 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी मात्र फाटकावरच आहे.

मी त्यांच्या डब्याच्या पिशवीत एक कागद ठेवला आहे. पदार्थ, वेळ, अंगाचा भाग, किती वेळ धुतले, जवळ कोण होते, अशा पाच रिकाम्या जागा त्यावर आहेत. गेल्या महिन्यात पुन्हा काही उडाले, पायावर. त्यांनी आधी पाय नळाखाली धरला. मग बाटलीवरची इंग्रजी अक्षरे चित्र काढावे तशी कागदावर उतरवली आणि मुकादमाकडे जाऊन वही मागितली. वही कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे, उद्या बघू, असे मुकादम म्हणाला. वडील किल्ली येईपर्यंत तेथेच उभे राहिले.