पावसात भिजलेला आंबा सरसकट बरणीत भरू नका

देवगड-रत्नागिरी पट्ट्यातून सध्या एकच तक्रार येते आहे: जॅम आणि मोरांबा आठ-पंधरा दिवसांत फेसाळतो, वर बुरशी धरते. 2025 मध्ये मोसमी पाऊस 25 मे रोजीच देवगडला पोहोचला, तेव्हा झाडावर राहिलेल्या मालाचे काय झाले हे बागायतदार विसरलेले नाहीत. पाऊस लवकर येणार म्हटले की घाईने उतरवलेला, पडीचा, भिजलेला आंबा सरसकट पातेल्यात जातो. घात तिथेच होतो.

ओल्या सालीवर करपा आणि देठकूज झपाट्याने पसरते, फळमाशीने डंख केलेल्या फळात अळी वाढते. ‘नासका भाग कापून टाकला, बाकीचे चांगले आहे’ हे ऐकून कान किटले. बुरशीचे विष आणि वास कापाच्या पलीकडे, गरात उतरलेले असू शकतात. असे फळ जॅमला घेऊच नका. अळीची फळे झाडाखाली टाकून देण्याची सवयही सोडा. दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात पुरा, नाहीतर उरलेल्या फळांना डंख करणारी माशी तुम्हीच पोसता.

दुसरी खोड साखर कमी घालण्याची. जॅममध्ये साखर केवळ चवीसाठी नसते, टिकण्यासाठीही असते. विद्राव्य घटक 68 ब्रिक्सपर्यंत गेलेच पाहिजेत. ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर थर्मामीटर लावा, किनारपट्टीवर 105 अंश सेल्सिअस आले की आच बंद करा. तोही नसेल तर चमचा तिरका करून पाहा: जॅम थेंबाथेंबाने न गळता पापुद्र्यासारखा सुटला पाहिजे.

राजापूरकडच्या एका बचत गटाची बुरशी धरलेली बाटली मी उजेडात धरून पाहिली होती. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब होते आणि ते जिथे ठिबकत होते, नेमके तिथेच बुरशीचे पांढरे ठिपके. बाटल्या धुऊन ओल्याच भरल्या होत्या, कोमट जॅम घालून. थेंब पडला की तेवढ्या जागेची साखर पातळ होते आणि बुरशीला वाट मिळते. गटातल्या महिला मात्र दर हंगामात परिरक्षक वाढवत होत्या. परिरक्षक मापाबाहेर घालणे हा गुन्हा आहे, आणि कुजके फळ त्याने सुधारत नाही.

वर तेल ओतणे, मिठाचे खडे टाकणे, बिघडलेला जॅम पुन्हा उकळणे, हे उपाय बंद करा. बुरशी वरून काढून खाली उरलेले मुलांना देणे तर कदापि नको. फेस आला, झाकण फुगले, बुरशी दिसली, की सगळी बाटली टाका.

बाटल्या उकळून पूर्ण कोरड्या करा, जॅम 85 अंशांच्या वर असतानाच भरा, लगेच झाकण घट्ट लावा. भिजलेला माल जास्त असेल तर निरोगी फळे निवडून, पुसून, त्याच दिवशी वापरा. उरलेल्याचा मोह सोडा.