फाटक उघडण्याआधी

पोरांनो, आपल्या ख्रिस्ती देवळाच्या आवारातलं जुनं बालोद्यान दुरुस्त करून आसपासच्या सगळ्या वस्तीला खुलं करायचं ठरवलंत, बरं केलंत. नाशिकच्या मंडळीला हे नवं नाही. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात शरणपूरच्या मिशनच्या आश्रयाला राहिली, हातचे धंदे शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट 1873-74 मध्ये मिशनरी-संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत होता. आजही फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं येतात. तेव्हा मन मोठं करायला मी शिकवणार नाही. बाकीचं ऐका.

आधी कागद, मग कुदळ. मिळकत पत्रिकेवर नाव कुणाचं ते बघा. देवळाची जागा बहुधा ट्रस्टच्या नावावर असते, म्हणून पाळकसाहेबांचा तोंडी होकार पुरत नाही. ट्रस्टचं पत्र घ्या. बाहेरची एखादी संस्था ‘आम्हाला चालवायला द्या’ म्हणाली तर सांभाळून. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे अशा जागेचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा पट्टा धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय चालत नाही. वापर द्या, ताबा देऊ नका.

झाड तोडू नका, खेळणी सावलीकडे न्या. फांदी आड आलीच तर महापालिकेत अर्ज करा. पत्र्याच्या घसरगुंडीचं तोंड उत्तरेला ठेवा. एप्रिलच्या दुपारी पोरांच्या मांड्या भाजतात.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवर रोवलेले खांब कलतात. पाया मुरूम लागेपर्यंत खणा. पाणी जायला उतार काढा. खोदकाम दिवाळीनंतरच काढा.

पोरं पडणारच, तेव्हा कुठे पडतील ते तुम्ही ठरवा. खेळण्यांखाली पेव्हर ब्लॉक नको. एक फूट वाळू घाला आणि ती रोज दाताळ्याने उकरा. झोक्याची कडी जितकी उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तितकीच मागे मोकळी ठेवा. कठड्याच्या गजांत 9 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. अंग जातं, डोकं अडकतं. जुने टायर लावाल तर खालून भोकं पाडा, नाहीतर डेंग्यूचे डास तुम्हीच पाळाल. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. ओला करून खरवडा. नव्या डब्यावर शिसं 90 पीपीएमच्या आत असल्याचं वाचून घ्या.

आता माणसांचं. बालोद्यानाला रस्त्याकडून वेगळं फाटक काढा. देवळाच्या दारावरून यावं लागलं की शेजारीण बिचकते आणि परत जाते. पाटीवर ‘सर्वांसाठी खुले’ आणि वेळा, एवढंच लिहा. रविवारी उपासनेच्या वेळेत काय करायचं तेही तिथेच लिहा, म्हणजे कुणाला हाकलावं लागणार नाही. फाटकाशी पायरी नको. एक फूट चढाला बारा फूट उतार दिला की चाकाची खुर्चीही येते आणि आजीही.

खेळायला आलेल्या पोराच्या हातात पत्रक देऊ नका. नाताळचा खाऊ द्यायचा तर आईबापांदेखत द्या. एकदा का पालकांच्या मनात शंका आली, की रिकामे झोके बघत बसाल. आणि देखरेख समितीत निम्म्या तरी आया मंडळीबाहेरच्या घ्या. ज्यांना विचारलं जातं, त्या जपतात.

देखरेखीला नेहमी दोघं मोठे हवेत, एकटा कुणी नको; मग तो कितीही जुना सभासद असो. शौचालयाचं दार बाकावरून दिसेल असंच ठेवा.

शेवटचं, पैशाचं. नव्या खेळण्याला देणगीदार मिळतो, त्याच्या कडीला तेल घालायला कुणी मिळत नाही. दर महिन्याला नटबोल्ट आवळायचं काम एका माणसाच्या नावावर लिहा. आणि जमलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा देखभालीच्या वेगळ्या खात्यात टाकल्याशिवाय ठेकेदाराला बोलावू नका.