दिव्यांची जोडणी, पावडर कोटिंग आणि संमतीपत्र

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं विजेचे दिवे जोडण्याचं छोटं युनिट आहे. ‘व्हाइट’ श्रेणीला आता प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र लागत नाही म्हणतात. तिथेच पावडर कोटिंग सुरू केलं तर चालेल का?

उत्तर : नुसती जोडणी असेल, तर ऐकलंत ते बरोबर आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये अधिसूचना काढून व्हाइट, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या श्रेणीला जल आणि वायू कायद्यांखालच्या संमतीतून वगळलं. मात्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवावं लागतं. त्या पत्राची पोच जपून ठेवा.

पावडर कोटिंग आलं की ही सूट जाते. पावडर भाजायच्या भट्टीपेक्षा खरी अडचण आधीच्या धुलाईत आहे. पत्र्यावरचं तेल आणि गंज काढायला आम्लाची टाकी, मग फॉस्फेटिंग (पत्र्यावर फॉस्फेटचा थर देणं), मधेमधे पाण्याच्या टाक्या. ते पाणी आम्लधर्मी असतं आणि फॉस्फेटचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. रबाळे ज्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात येतं, तिथले नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. छोट्या उद्योजकाचे हेलपाटे वाचावेत असं मलाही मनापासून वाटतं, पण सूट प्रक्रिया बघून द्यावी, युनिटचा आकार बघून नव्हे.

तेव्हा टाकी बसवण्याआधीच उभारणीची संमती घ्या, नंतर चालवण्याची. नाहीतर संमतीपत्र असलेल्या जॉबवर्करकडून कोटिंग करून घ्या. त्याच्या संमतीपत्राची मुदत तपासा आणि प्रत मागून घ्या. दिवे स्वतःच्या नावाने विकत असाल आणि तुमचं युनिट सूक्ष्म उद्योगात मोडत नसेल, तर ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम तुम्हाला तरीही लागू आहेत.