फौजेतला माणूस लोकसभेत

आमच्या गावात ग्रामपंचायतीसमोर पिंपळाचा पार आहे. संध्याकाळी तिथे पाच-दहा माणसे बसतात. मागच्या निवडणुकीच्या वेळी त्या पारावर एक वाद निघाला. आजचा धडा त्या वादातूनच निघाला आहे, म्हणून तो आधी सांगतो.

एक जण आम्हाला म्हणाला, "गुरुजी, ह्या पुढाऱ्यांच्यानं काही होत नाही जी. एखादा फौजी माणूस निवडून द्यावा. तो साऱ्यायले एका दिवसात सरळ करते."

पारावर आमच्या गावचे हवालदारही बसले होते. सतरा वर्षे पलटणीत काढून ते घरी आले आहेत. आता धानाची शेती करतात. ते हसून म्हणाले, "मले निवडून द्याल तर पस्तावाल. फौजेत मी कोणालेच 'तुले काय वाटते' असं विचारलं नाही. साहेबानं मले सांगितलं, मी जवानायले सांगितलं. तुम्ही अर्ज घेऊन आले, तर मी तुमालेही 'सावधान' म्हणीन."

सगळे हसले. पण घरी आल्यावर आम्ही विचार करू लागलो. ज्याने जन्मभर हुकूम ऐकला आणि हुकूम दिला, तो लोकांचा प्रतिनिधी होऊ शकतो का?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. फौजेत नोकरी चालू असताना निवडणुकीला उभे राहता येत नाही. आधी नोकरी सोडावी लागते, नाहीतर पेन्शनीत निघावे लागते. नोकरीतला जवान मत मात्र देतो. तो दूर सीमेवर असला तर त्याचे मत टपालाने येते. नोकरी संपली की तो तुमच्याआमच्यासारखा नागरिक. वय २५ वर्षे पूर्ण पाहिजे. मतदार यादीत नाव पाहिजे. विधानसभेसाठी १० हजार आणि लोकसभेसाठी २५ हजार रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. फौजी म्हणून वेगळी राखीव जागा नाही. छातीवर कितीही पदके असोत, मते मोजल्याशिवाय कोणी आमदार होत नाही.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा आहेत: राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, चिमूर आणि वरोरा. गडचिरोली जिल्ह्यात तीन आहेत: आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी. २००८ सालच्या फेररचनेनंतर गडचिरोलीच्या तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाल्या, आणि चंद्रपूरची अनुसूचित जातींसाठी. आपला मतदारसंघ कोणता, हे ज्याला ठाऊक नसेल त्याने आजच विचारून घ्यावे. आम्ही विचारले तेव्हा पारावरच्या दोघांना सांगता आले नाही. त्यातला एक तर रोज वर्तमानपत्र वाचणारा!

आता एका खऱ्या माणसाची गोष्ट सांगतो. तो आपल्या भागातला नव्हता. पण त्याच्या गोष्टीचे एक टोक आपल्या रानापर्यंत येते, ते पुढे कळेल.

त्यांचे नाव जगन्नाथराव कृष्णराव भोसले. कोकणात सावंतवाडीजवळ तिरोडे म्हणून गाव आहे. तिथे १९०६ साली त्यांचा जन्म झाला. तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते. विलायतेत सँडहर्स्ट येथे फौजेच्या अधिकाऱ्यांची मोठी शाळा आहे. तिथे शिकून ते इंग्रजांच्या हिंदी फौजेत, गढवाल पलटणीत अधिकारी झाले. मग दुसरे महायुद्ध आले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले. इंग्रजांनी शस्त्रे खाली ठेवली. हजारो हिंदी जवान कैदी झाले. भोसलेही त्यांत होते.

त्या कैद्यांतून आझाद हिंद फौज उभी राहिली. १९४३ साली नेताजी सुभाषचंद्र बोस तिथे पोचले आणि त्यांनी फौजेची सूत्रे हाती घेतली. भोसले त्या फौजेत मेजर जनरल झाले. सगळी फौज मांडण्याचे आणि चालवण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९४४ साली ती फौज इंफाळपर्यंत लढत आली. पावसाने, उपासाने आणि रोगराईने माणसे पडली. १९४५ साली लढाई हरली. भोसले पुन्हा कैदी झाले, ह्या वेळी इंग्रजांचे. पुढे त्यांची सुटका झाली.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला. पण आझाद हिंद फौजेच्या लोकांना देशाच्या फौजेत परत घेतले गेले नाही. ज्यांनी देशासाठी शपथ मोडली, त्यांनाच आपल्या राज्यात पलटण मिळाली नाही! आम्हाला हे वाचताना आजही वाईट वाटते. फौजेची अडचण वेगळी होती, हेही खरे. एकाच फौजेत दोन बाजूंनी लढलेले लोक कसे ठेवायचे, हा प्रश्न होता. ते काही असो. जनरल भोसल्यांच्या हातातली फौज गेली.

पुढे १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा मत देण्याचे वय २१ होते. ते १८ झाले १९८९ साली. त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह असे. बहुतेक लोकांना वाचता येत नव्हते, म्हणून चिन्हे आली. तुम्हाला आता उमेदवाराचे नावही वाचता येते. त्या वेळच्या मतदारापेक्षा तुम्ही एवढे पुढे आहात.

भोसले रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आले. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा रत्नागिरीतच होता. पंडित नेहरूंच्या सरकारात ते पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. पुनर्वसन म्हणजे उजाड झालेल्या माणसाला पुन्हा वसवणे. फाळणीत एक कोटीहून जास्त माणसे घरदार सोडून इकडून तिकडे गेली होती. दिल्लीत निर्वासितांच्या छावण्या होत्या. तिथे विधवा होत्या, अनाथ मुले होती. कित्येक मुलांनी डोळ्यांदेखत घर जळताना पाहिले होते.

दिल्लीत कस्तुरबा निकेतन नावाची अशा बायामुलांची वसाहत होती. तिथे १९५४ साली भोसल्यांनी एक काम सुरू केले. रोज कवायत, व्यायाम, देशाची गाणी आणि नागरिकाचे धडे. मुले रांगेत उभी राहू लागली. एकमेकांच्या तालावर पाय टाकू लागली. ह्यालाच राष्ट्रीय शिस्त योजना असे नाव पडले. ती पुढे देशातल्या पुष्कळ शाळांत गेली. शिक्षक तयार करायला राजस्थानात सरिस्का येथे केंद्र निघाले. भोसले पहिल्या लोकसभेत १९५७ पर्यंत होते. १९६३ साली ते वारले. १९६५ साली ती योजना दुसऱ्या योजनांत मिसळून टाकली गेली.

आम्हाला ह्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याने युद्धात मोठी फौज हलवली, तो माणूस दिल्लीच्या वसाहतीत पोरांसाठी काम करू लागला. पोरांना हुकूम सोडून त्यांचे दुःख जात नाही. आधी त्यांच्यात जावे लागते. मग कवायत.

पण कवायतीचीही एक मर्यादा आहे. आम्ही लहान असताना शाळेत कवायतीचे एक मास्तर होते. शिट्टी वाजली की शंभर पोरे एका रेषेत. आम्हाला ते फार आवडायचे. पण कोणी शंका विचारली की ते म्हणत, "रांगेत बोलायचं नाही." शाळेच्या मैदानावर हे ठीक आहे. ग्रामसभेत जो गप्प उभा राहतो, त्याचे काम रांगेच्या शेवटीच राहते.

आणखी एक सांगतो. आपल्या भागात वर्दी दिसली की माणूस बोलायचे थांबतो. पोलिसाची असो, जंगलखात्याची असो, की रानातून रात्री येणाऱ्या बंदूकवाल्याची. पुष्कळ वर्षे अशीच गेली. म्हणून इथे एखादा फौजी निवडून आला, तर त्याचे पहिले काम लोकांना बोलते करणे हे असेल. ते शिस्त लावण्यापेक्षा कठीण आहे.

आता त्या गोष्टीचे दुसरे टोक. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली गावे आहेत, ती तुम्ही पाहिली असतील. भाताची शेती, मासे आणि दुर्गापूजा. ही माणसे पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांची मुले-नातवंडे आहेत. तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला. भोसल्यांच्या पश्चात, १९६४ च्या सुमारास आणि पुढे, ह्या लोकांना इकडच्या रानात जमिनी देण्यात आल्या.

त्या वेळी चांद्याचे खासदार होते लाल श्यामशाह. ते गोंड, पानाबरसचे जमीनदार. १९६२ साली ते कोणत्याही पक्षाविना, अपक्ष निवडून आले होते. त्यांनी विचारले, ह्या रानात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आदिवासीला जमिनीचा पट्टा मिळत नाही, आणि बाहेरच्याला जंगल तोडून जमीन कशी मिळते? दिल्लीत त्यांचे ऐकले गेले नाही. १९६४ साली त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला.

आम्ही हा भाग शिकवतो तेव्हा वर्गात नेहमी भांडण होते. एक म्हणतो, निर्वासितांनी काय पाप केले होते? दुसरा म्हणतो, आमच्या आजाने काय पाप केले होते? दोघेही खरे बोलतात. भोसले उजाड झालेल्यांसाठी झटले. श्यामशाह उजाड होऊ पाहणाऱ्यांसाठी झटले. आमच्या मते चूक तिथे झाली, जिथे रानातल्या माणसाला आधी विचारले गेले नाही. वनहक्काचा कायदा झाला २००६ साली. म्हणजे श्यामशाहांच्या राजीनाम्यानंतर ४२ वर्षांनी! आता वनहक्काचा दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने असा सामूहिक हक्क मिळवला. बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो मिळत नव्हता. गाव मागत राहिले. शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्राचे वनमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री परवान्याचे पुस्तक द्यायला त्या गावात आले.

हे आम्ही पारावर सांगितले तेव्हा हवालदार म्हणाले, "म्हणजे गुरुजी, फौजेत हुकूम वरून खाली येते, आणि इथं खालून वर जाते." आम्ही म्हटले, जातो, पण तो लिहून पाठवावा लागतो. तोंडी सांगितलेले आमदाराच्या गाडीच्या धुळीबरोबर उडून जाते.

खासदाराला १९९३ पासून आपल्या भागात कामे सुचवण्यासाठी निधी असतो. सध्या तो वर्षाला ५ कोटी रुपये आहे. पैसा त्याच्या हातात येत नाही. तो काम सुचवतो, आणि जिल्हाधिकाऱ्यामार्फत ते होते. आमदारालाही असा निधी असतो. तेव्हा "काही तरी करा" असे म्हणू नये. काय पाहिजे, कुठे पाहिजे, किती माणसांना पाहिजे, ते लिहावे. दोन प्रती काढाव्यात. एकीवर पोच घ्यावी, म्हणजे सही, शिक्का आणि तारीख. ती प्रत जपून ठेवावी.

त्याच संध्याकाळी पारावर आम्ही एक अर्ज लिहिला. अक्षर एका बाईचे होते. ती मागच्या वर्षी ह्याच वर्गात लिहायला शिकली. तो अर्ज असा:

"माननीय आमदार साहेब यांस, सप्रेम नमस्कार. आमच्या गावाच्या आणि शाळेच्या मध्ये नाला आहे. पावसाळ्यात त्याला पूर येतो. मागच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला खाटेवर टाकून नाला ओलांडावा लागला. नाल्यावर पूल पाहिजे. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला आहे. आपण नाला पाहायला पावसात यावे, उन्हाळ्यात येऊ नये. उन्हाळ्यात तिथे पाणी दिसत नाही. उत्तर लेखी कळवावे."

खाली ३१ सह्या आहेत. अंगठे चार.