बावीस प्रतिज्ञांचे वेबपान : एक अभ्यासपाठ

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांचे एक वेबपान आम्ही इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांकडून संगणक कक्षात करवून घेतले. प्रतिज्ञेवर क्लिक करताच खाली तिचा अर्थ उघडावा, एवढीच अपेक्षा होती. त्या कामात झालेल्या चुका उपयुक्त वाटल्याने येथे नोंदवीत आहोत.

प्रथम केवळ पहिलीच प्रतिज्ञा उघडू लागली. 'क्वेरीसिलेक्टर' ही आज्ञा जुळणारा पहिला घटक सापडताच थांबते. सर्व घटकांसाठी 'क्वेरीसिलेक्टरऑल' हवे. मात्र तिच्याकडून मिळते ती यादी, आणि यादीला 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' लावता येत नाही. लूप लिहून एकेका घटकाच्या क्लिकला फंक्शन जोडावे लागते.

लूप लिहिला. आता बावीसही ओळी प्रतिसाद देऊ लागल्या; पण कोणत्याही ओळीवर क्लिक केले तरी मथळा येई 'प्रतिज्ञा २३', आणि खाली अर्थ काहीच नाही! तेविसावी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी दिलेलीच नाही; आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना ही चूक लगेच खटकली. कारण असे की, मोजणीचा चल 'व्हार'ने घोषित केला होता. असा चल साऱ्या फेऱ्यांत मिळून एकच असतो आणि बावीसही फंक्शने त्याच्याकडेच पाहतात. शिवाय फंक्शन चालते ते जोडतेवेळी नव्हे, क्लिक होईल तेव्हा. तोवर शून्यापासून निघालेली मोजणी २२ वर पोहोचलेली असते. मथळ्यासाठी त्यात एक मिळवला की २३. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या आवृत्तीत आलेला 'लेट' वापरला की प्रत्येक फेरीला स्वतःचा चल मिळतो. एवढा एक शब्द बदलताच प्रत्येक ओळ आपल्या क्रमांकाने उघडली.

मुलांनी नंतर एका कळीने त्याच यादीत पंचशीलाच्या ओळी आणल्या, त्या मात्र मुक्याच राहिल्या. लूप चालला तेव्हा त्या पानावर नव्हत्याच! येथे फंक्शन संपूर्ण यादीच्या मूळ घटकाला एकदाच जोडावे आणि क्लिक नेमका कोठे झाला ते 'टार्गेट'वरून ओळखावे.

शेवटचा दोष आमच्याही ध्यानात आला नव्हता. वर्गातील एका विद्यार्थ्याला माऊस धरता येत नाही. तो टॅब कळीने पानावर फिरतो. आमच्या ओळी साध्या यादीतील घटक असल्याने टॅब त्यांवर थांबतच नव्हता. प्रत्येक प्रतिज्ञा 'बटन' घटकात घातली. बटनावर एंटर दाबला तरी क्लिकच घडतो, त्यामुळे फंक्शनला हात लावावा लागला नाही. पुढच्या तासाला त्याने बावीसही प्रतिज्ञा स्वतः उघडून वाचल्या.