मोशेची कथा पडद्यावर : मुलांना दाखवावी का?



धर्मशिक्षणाच्या वर्गात मोशेचा धडा चालू होता. "टोपलीतल्या बाळाला नदीतून कोणी काढले?" असे आम्ही विचारले. "राणीने!" मुले एका सुरात म्हणाली. आम्ही बायबल उघडून 'फारोच्या मुलीने' असे वाचून दाखवले (निर्गम २:५-१०). तेव्हा एक मुलगी म्हणाली, "पण पिक्चरमध्ये तर राणीच होती. मग बायबलमध्ये चुकलंय का?"

त्या प्रश्नाने आम्ही विचारात पडलो.

मुलांनी पाहिला होता तो 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' हा १९९८ सालचा कार्टूनपट. चित्रे सुंदर, संगीत मनात घोळणारे. त्यातल्या एका गीताला ऑस्करही मिळाले. चित्रपट आपल्या मुलांसाठी योग्य आहे का, हे ठरवताना आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारले.

१. मूल घाबरेल का?
मोशेला स्वप्न पडते. त्यात भिंतीवरची चित्रे हलू लागतात आणि इस्राएली बाळे नदीत मगरींपुढे टाकली जातात. शेवटच्या पीडेच्या रात्री पांढरा झोत घराघरांत शिरतो आणि ज्येष्ठ मुले मरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाची यामुळे झोप उडू शकते. अमेरिकेतही या चित्रपटाला 'पालकांचे मार्गदर्शन हवे' असा शेरा मिळाला आहे. स्वप्न आणि मगरी निर्मात्यांच्या कल्पनेतल्या आहेत, पण बाळांना नदीत टाकणे आणि ज्येष्ठ मुलांचे मरण हे निर्गमच्या पुस्तकातच आहे. शिवाय त्या रात्रीनंतर मोशे विजयाने नाचत नाही. तो भिंतीला टेकून रडतो. शत्रूच्या घरातल्या मरणाचाही आनंद मानू नये, हे मुलांना येथे सांगता येते.

२. काय बदलले आहे?
राणीचा बदल किरकोळ आहे. दुसरा मात्र मोठा आहे. चित्रपटात मोशे गुलामाला मारणाऱ्या पहारेकऱ्याला अडवायला धावतो आणि त्या झटापटीत तो माणूस उंचावरून पडून मरतो. जणू अपघातच. बायबल सांगते की मोशेने इकडेतिकडे पाहिले, कोणी नाही असे पाहून मिसरी माणसाला ठार केले आणि वाळूत पुरले (निर्गम २:११-१२). चित्रपटाने नायकाचा अपराध सौम्य केला आहे. बायबल आपल्या माणसांचे पाप झाकत नाही. ज्याच्या हातून रक्त सांडले, त्यालाच देवाने जळत्या झुडपातून नावाने हाक मारली. हीच तर शुभवार्ता! मोशे निर्दोष असता, तर आपल्यासारख्या पाप्यांना कसली आशा?

३. देव कुठे आहे?
चित्रपटात मोशे आणि रामसेस या दोन भावांच्या ताटातुटीला फार महत्त्व आहे. तरीही जळत्या झुडपाचा आणि तांबड्या समुद्राचा प्रसंग पाहताना मन आदराने भरून येते. देव आपल्या लोकांचा आक्रोश ऐकतो, हे मुलांना नक्की कळते.

आमचे मत असे : आठ-नऊ वर्षांपुढील मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा, पण एकटे बसवून नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयी आदेशपत्र काढले. श्रद्धेला आणि नीतीला बाधक असे काही घरात येऊ नये म्हणून दक्ष राहणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्यात बजावले आहे. आज मोबाईल मुलाच्या हातात असतो, म्हणून ही जबाबदारी वाढली आहे. मुलाच्या हाती मोबाईल देऊन आपण स्वयंपाकाला लागलो, तर शिकवण्याचे काम आपण मोबाईलवर सोपवले असे होते.

म्हणून एका रविवारी संध्याकाळी चित्रपट सर्वांनी मिळून पाहा. दुसऱ्या दिवशी कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी निर्गमचे पहिले चार अध्याय वाचा आणि मुलांना विचारा : काय वेगळे होते? अहरोन बायबलमध्ये कसा आहे? मोशेला कशाची भीती वाटत होती? चित्रपटाच्या सुरुवातीलाच निर्माते सांगतात की आम्ही कथेत फेरफार केले आहेत आणि मूळ कथा निर्गमच्या पुस्तकात आहे. मग ते पुस्तक आपण का उघडू नये?

पवित्र शनिवारी रात्रीच्या उपासनेत तांबड्या समुद्राचे वाचन कधीही वगळले जात नाही. ते ऐकताना आपल्या मुलाने आपल्याकडे वळून "ही गोष्ट मला माहीत आहे" असे हळूच म्हणावे, आणि ती त्याने बायबलमधूनही ऐकलेली असावी, एवढीच आमची इच्छा आहे.