जपानी पाट-पाणी

जपानी शिकणारे बहुतेक जण 'इतादाकिमासु' हा शब्द अगदी सुरुवातीलाच शिकतात. जेवायला बसलं की तो म्हणायचा. मलाही येत होता. पण त्याच्या आधीचं, म्हणजे पानं मांडतानाचं जपानी येत नव्हतं, आणि तिथेच माझी फजिती झाली.

इंटर्नशिपसाठी नागोयाला असताना एका कुटुंबाकडे शनिवार-रविवार राहायला गेलो होतो. संध्याकाळी काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ओहाशि ओ नाराबेते." मी हसून मान डोलावली आणि बसून राहिलो. थोड्या वेळाने त्यांची आठ वर्षांची मुलगी उठली आणि चॉपस्टिक्स मांडू लागली. तेव्हा कळलं, काम मला सांगितलं होतं!

तर आजचा धडा. 'ओहाशि' म्हणजे चॉपस्टिक्स, 'ओसारा' म्हणजे ताटल्या. 'नाराबेरु' म्हणजे ओळीने मांडणे आणि 'दासु' म्हणजे बाहेर काढणे. यांचीच 'नाराबेते', 'दाशिते' ही रूपं घरात काम सांगताना वापरतात. "ओसारा ओ दाशिते" म्हणजे ताटल्या काढ. 'शोकुताकु ओ तोतोनोएरु' म्हणजे जेवणाचं टेबल नीट लावणे. हे जरा पुस्तकी. मांडायची रीतही ठरलेली आहे : भात डावीकडे, सूप उजवीकडे, चॉपस्टिक्स पुढ्यात आडव्या आणि त्यांची टोकं डावीकडे.

आता गंमत बघा. पूर्वी जपानी घरांत प्रत्येकासमोर एक छोटं चौरंगासारखं तबक ठेवत. त्याला 'झेन' म्हणत. (झेन पंथातला झेन वेगळा, त्याचं लिपीचिन्हही वेगळं.) विसाव्या शतकात सगळ्यांनी भोवती बसायचं बुटकं 'चाबुदाई' टेबल घराघरांत पोचलं, नंतर उंच टेबलं आली. तबक गेलं, शब्द मात्र राहिला. आपण नाही का, समोर स्टीलचं ताट असलं तरी "पानं घेतली" म्हणतो!

'हाइझेन' म्हणजे जेवण वाढून मांडणे. तिथल्या प्राथमिक शाळांत पांढरे एप्रन-टोप्या घालून मुलं पाळीपाळीने वर्गाला जेवण वाढतात. 'ओझेनदाते' म्हणजे मुळात तबक सजवणे. आता दुसऱ्याच्या कामाची सगळी तयारी आधीच करून देणे. सिनियरने सर्किट जोडून दिलं आणि आपण फक्त बटण दाबलं, तर ती त्याची ओझेनदाते!

शेवटचा शब्द काकूंनीच शिकवला. रविवारी त्यांनी विचारलं, घरी जेवणाआधी तू काय करतोस? मी खरं ते सांगितलं : आई हाक मारते, मी येऊन बसतो, जेवण झालं की ताट तिथेच ठेवून उठतो. त्या हसून म्हणाल्या, "आगेझेन सुएझेन!" म्हणजे तबक पुढ्यात ठेवणार दुसरा, उचलणारही दुसरा. सुट्टीत पारंपरिक सरायीत उतरलेल्या पाहुण्याची ही चैन. मी ती वीस वर्षं स्वतःच्या घरात, रोज दोन वेळा केली होती.

दिवाळीत घरी गेलो. आईने हाक मारायच्या आत चार ताटं घेतली, पाणी भरलं, मीठ-लोणचं वाढलं. आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "बरं नाही का रे वाटत?"